आम्ही, स्थापना 1870

विदर्भातल्या बऱ्याच मोठ्या गावांत एक तरी माणूस असा सापडतो, की जो पन्नास-साठ वर्षांपूर्वी नागपूरला 'फादरच्या शाळेत' होता आणि अजून तिथून सुटलेला नाही. सुलतानपूरच्या वाट्याला आलेल्या नमुन्याला गाव फादरभाऊ म्हणतं. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, वर्षातून एकदा शेगावची पायी वारी, थोडं सोयाबीन, थोडी तूर आणि नाव फादर. भाऊंना यात काही वावगं वाटत नाही. उलट कुणी नुसतं 'भाऊ' म्हटलं, तर ते जरा वेळ लावून वळतात.

शाळा म्हणजे नागपूरच्या सदरमधली सेंट फ्रान्सिस डिसेल्स, सगळ्यांच्या तोंडी एसएफएस. भाऊंनी तिचा इतिहास कधी तिऱ्हाईतासारखा सांगितला नाही. "आम्ही सत्तर साली सुरू केली," असं ते म्हणतात. नवखा मनातल्या मनात हिशेब करतो, 1970 म्हणजे भाऊ तेव्हा विशीत असतील, धडाडीचा माणूस दिसतो. "अठराशे सत्तर," भाऊ सावकाश दुरुस्ती करतात, आणि नवखा त्यांच्याकडे पुन्हा एकदा नीट बघतो.

नवखा बहुधा लोणारला निघालेला असतो. सुलतानपूरहून लोणार जवळच, पण गाडी यायला वेळ असतो आणि भाऊंना तेवढा पुरतो. गाडी आलीच, तरी "सरोवर कुठं पळून चाललं? बसा, च्या घ्या," असं म्हणून ते माणसाला बाकावर परत बसवतात.

इतिहास नागपुरातून सुरू होईल, अशी आशा करू नये. तो आल्प्सच्या पायथ्याशी, आन्सी नावाच्या गावात सुरू होतो. संत फ्रान्सिस डिसेल्स (1567 ते 1622) हे जिनिव्हाचे बिशप. पण जिनिव्हा कॅल्व्हिनच्या अनुयायांच्या ताब्यात, त्यामुळे ते राहायचे आन्सीला. हे बाकावरच्या मंडळींना चटकन उमजतं. नेमणूक एका सज्जाची आणि मुक्काम तालुक्याला, असे तलाठी त्यांनी जन्मभर पाहिलेले असतात. भाऊंना मात्र ही तुलना अजिबात खपत नाही. "तलाठी राह्यत नाई. आमच्या बिशपले राहू देल्लं नाई!" असं म्हणताना त्यांचा आवाज चढतो. कॅल्व्हिनवर मनापासून राग असलेला माळकरी उभ्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. संत फ्रान्सिस त्यांच्या सौम्य स्वभावासाठी प्रसिद्ध होते, हेसुद्धा भाऊ ओरडूनच सांगतात.

मग 1838. आन्सीतच फादर मेर्मिए संताच्या नावानं मिशनऱ्यांचा संघ काढतात. 1845 साली त्यातले पहिले लोक भारताकडे निघतात. कुणी "म्हंजे फ्रेंच लोक" असं म्हटलं, की संपलं. आन्सी सॅव्हॉय प्रांतात, सॅव्हॉय तेव्हा सार्डिनियाच्या राजाचं, फ्रान्सनं ते घेतलं 1860 साली. "आपल्या भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी 1854 ले खाल्लं, तसंच हे," भाऊ म्हणतात आणि दोन्ही राज्यांसाठी मिळून एक सुस्कारा टाकतात. माझ्या मते भाऊंची ही जोडणी बऱ्याच पाठ्यपुस्तकांपेक्षा बरी आहे.

या मिशनचं मूळ ठाणं विशाखापट्टणमला. तिथून नागपूर, कामठीपर्यंतचा मुलूख त्यांच्याकडे. कामठीला इंग्रजांची छावणी, छावणीत आयरिश शिपाई, आणि आयरिश शिपायाला पाद्री लागतोच. रेल्वे नागपुरात आली 1867 साली. तिच्या आधी विशाखापट्टणमकडून यायचं म्हणजे मधलं जंगल तुडवत. हे जंगल भाऊ इतक्या तपशिलानं तुडवतात, की गाडीवाट कुठे चुकली आणि पाणी कुठे मिळालं हेही ऐकायला मिळतं. ते त्यांना कुणी सांगितलं, हे विचारण्यात अर्थ नाही. ते तिथे होते.

शाळा निघाल्यावर सतरा वर्षांनी, 1887 मध्ये, नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. बिशप रिक्काजपासून 1951 मध्ये आलेल्या युजीन डिसोझांपर्यंतची यादी भाऊ वंशावळ म्हटल्यासारखी म्हणतात. त्यातली सॅव्हॉयची नावं वऱ्हाडी जिभेवर अशी काही रुळली आहेत, की ती माणसं मेहकर तालुक्यातलीच वाटावीत. हिस्लॉप कॉलेजचं नाव निघालं, की भाऊ सावध होतात. "चांगलं कॉलेज हाये. पन ते स्कॉटिश मिशनचं. ते प्रोटेस्टंट, आपन कॅथलिक," असं सांगता सांगता बोटं नकळत तुळशीच्या मण्यांवर फिरत असतात.

हा नमुना एकट्या सुलतानपुरातच असतो, असं नाही. एका लग्नात भाऊंची गाठ पुण्याच्या सेंट व्हिन्सेंटवाल्याशी आणि मुंबईच्या सेंट झेवियर्सवाल्याशी पडली. पंगत बसली आणि सालं वाढायला सुरुवात झाली. व्हिन्सेंट 1867, झेवियर्स 1869. वर झेवियर्सवाल्यानं गावसकर असा वाढला, जसा काही तो शाळेत त्याच्या दोन बाकं पुढे बसायचा. माझगावच्या सेंट मेरीजचं 1864 आणि वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉसचं 1863 ही सालंही कुणीतरी ताटात टाकली. आपण सगळ्यांत धाकटे ठरतोय, हे कळल्यावर भाऊंनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला. "मुंबईत बोट थेट दारात लागते. त्यात काय मोठेपना? आम्ही जंगलातून आलो," ते म्हणाले. यावर कुणापाशी उत्तर नव्हतं. व्हिन्सेंटवाला जिलबीकडे वळला.

पोप पायस अकरावे यांनी 1923 मध्ये संत फ्रान्सिसना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते ठरवलं. संत लोकांच्या दाराखालून पत्रकं सरकवायचे, म्हणून. तेव्हापासून, म्हणजे भाऊंना हे कळल्यापासून, परिसरातले सगळे वार्ताहर भाऊंच्या आश्रयाला आहेत. बातमीत साल चुकलं, तर वार्ताहराला फोन येतो: "तुमचा संत आमच्या शाळेचा. जरा इज्जत राखत जा."

जानेवारीत भाऊ फार गडबडीत असतात. बाराला सिंदखेड राजाला जिजाऊ जन्मोत्सव, सव्वीसला झेंडा, आणि मध्ये चोवीसला संतांचा सण. हा सण भाऊंच्या वेळी एकोणतीसला असायचा. रोमनं 1969 मध्ये पंचांग सुधारलं आणि तो पाच दिवस अलीकडे आणला. भाऊंना ते मान्य नाही. "आमाले कोनी इचारलं नाई," ही त्यांची तक्रार पोप सहावे पॉल यांच्यापासून आजतागायत प्रलंबित आहे. तडजोड म्हणून ते दोन्ही दिवशी पेढे वाटतात, त्यामुळे गावाचाही तारखेबाबत काही आग्रह नाही.

भाऊंच्या रेक्झिनच्या पिशवीत एक वर्गाचा फोटो आहे. कोपरे मऊ पडलेले, मधोमध घडी. मागच्या रांगेत एक उंच मुलगा आणि त्याच्या मानेआडून कुणाचा तरी अर्धा कान. भाऊ पेनचं टोपण त्या कानाजवळ नेतात आणि म्हणतात, "मी." खरं सांगायचं तर भाऊ त्या शाळेत दोन वर्षं होते. आठवी आणि नववी, मामाकडे राहून. मग मामाची बदली झाली, आणि भाऊ दहावी-अकरावी मेहकरला शिकले. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण मेहकरच्या शाळेबद्दल भाऊंनी आजवर चकार शब्द काढलेला नाही, आणि गावानंही. ग्रामपंचायतीपासून कलेक्टरपर्यंतचे इंग्रजी अर्ज भाऊ फुकट लिहून देतात, जोडाक्षरासारख्या गुंफलेल्या वळणदार अक्षरात. असा माणूस आठवीत घडला की दहावीत, याच्याशी कुणाला काय करायचंय?

पंचाईत झाली ती परवा. शेजारच्यांच्या मुलाची नोकरी नागपूरला लागली आणि म्हातारबा नातवाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स घेऊन भाऊंच्या ओसरीवर आले.

"भाऊ, शाळा तुमची हाये. पोराचं ॲडमिशनचं तेवढं बोलून द्या."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे पाहा, ते मिशनची शाळा. त्यायचे नियम, त्यायचा फॉर्म, त्यायची तारीख. आपन कोन सांगनारे?"

म्हातारबांनी झेरॉक्सची शांतपणे घडी केली.

"अन् मंग अठराशे सत्तरले कोनाले इचारून सुरू केली व्हती?"

"तव्हा फॉर्म नव्हता," भाऊ म्हणाले.