गाडी बनून राहिली आहे

कँटन, मिशिगन
14 सप्टेंबर

तीर्थस्वरूप बाबांना आणि आईंना शिरसाष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोन आईंच्या हातात असतो, तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि तुमचे चिरंजीव माझ्या पाठीमागे उभे राहून 'बाबांना ते सांगू नकोस' अशा खुणा करतात. सध्या ते गाडीखाली आहेत. दोन पाय तेवढे बाहेर दिसताहेत, म्हणजे मला निदान पाऊण तास मिळेल.

ही तक्रार आहे. आधीच सांगते, म्हणजे तुम्ही ओळीओळीत खुशाली शोधत बसणार नाही. खुशाली एवढीच, की सगळे बरे आहेत आणि मुलीला चष्मा लागला आहे.

तीन वर्षांपूर्वी यांनी एक मस्टँग आणली. 1989 ची. लाल होती म्हणे, आम्ही पाहिली तेव्हा तांबूस-करडी होती आणि तिला इंजिन नव्हतं. "इंजिन नाही म्हणूनच तर स्वस्तात मिळाली," असं मला आनंदाने सांगण्यात आलं. मी म्हटलं, नवरदेव नसला तर लग्नही स्वस्तातच होतं. त्या दिवसापासून दोन गाड्या मावणाऱ्या आमच्या गॅरेजमध्ये रोजची एकही गाडी राहत नाही. दोन्ही बर्फात उभ्या, आणि मस्टँग उबेत, चार घोड्यांवर. तिच्यासाठी हीटर लावला आहे. जानेवारीत माझ्या पायात दोन-दोन मोजे होते.

केव्हाही विचारलं, की उत्तर एकच: "बनून राहिली आहे." बाबा, मी साताऱ्याची. आमच्याकडे वस्तू होते किंवा होत नाही. 'बनून राहिली आहे' हा काळ मला शाळेत शिकवला नव्हता. लग्नानंतर जबलपूरच्या गोहलपुरात पहिल्यांदा ऐकला, तेव्हा वाटलं चालू वर्तमानकाळ असेल. सोळा वर्षांनी कळलं, की त्याला शेवट नसतो.

इंजिन भंगारवाल्याच्या वाड्यातून आलं. शेवरोलेच्या सिल्व्हराडो नावाच्या मालवाहू पिकअपचं, आठ सिलिंडरचं, 5.3 लिटरचं, बिडाच्या ब्लॉकचं. इकडची हौशी मंडळी याच इंजिनामागे असतात, कारण अशा पिकअप गावोगाव भंगारात पडलेल्या असतात आणि इंजिन मात्र गाडीच्या मागे उरतं. यात एकच गोची झाली. शेजारचे आजोबा. त्यांनी हयात फोर्डमध्ये काढली, आणि मस्टँग ही फोर्डची. तिच्या पोटात शेवरोलेचं इंजिन उतरताना पाहून ते चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी वेल्डिंगचं मशीन घेऊन आले. म्हणाले, पाप करायचंच आहे तर शिवण तरी सरळ घाल.

आईंनी मागे विचारलं होतं, टर्बो म्हणजे नक्की काय. माझ्यापरीने सांगते. इंजिनातून जो गरम धूर वाया जातो, तो एका पंख्यावर सोडायचा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणून इंधन जास्त, इंधन जास्त म्हणून भडका जास्त, भडका जास्त म्हणून धूर जास्त, की पहिला पंखा आणखी जोरात. मिनिटाला लाखभर फेरे. दिवाळीत तुमच्या ओसरीवर काका आणि बाबांचं फराळापासून सुरू होऊन वाटणीपर्यंत जायचं, तसंच. मध्ये कोणीतरी 'चहा टाकू का' म्हणावं लागतं. टर्बोमध्ये ते काम वेस्टगेट करतं. ठरलेल्या दाबाला एक झडप उघडते आणि धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो. मी म्हटलं, म्हणजे कुकरची शिट्टी. यावर माझी अर्धा तास शिकवणी झाली, की शिट्टीला वजन असतं, इथे स्प्रिंग असते, शिट्टी आतली वाफ सोडते, ही पंख्यावर जाणाऱ्या धुराला वळवते. ऐकून घेतलं. मी अजूनही शिट्टीच म्हणते.

ही युक्ती नवी नाही. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 मध्येच पेटंट घेतलं होतं. दुकानात मिळणाऱ्या मोटारीत ती आली 1962 साली, आणि त्यातली एक, ओल्ड्समोबील जेटफायर, आमच्या घरापासून तासाभराच्या लान्सिंगच्या कंपनीची. तिच्यात कोंबलेली हवा थंड राहून भडका वेळेआधी उडू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. आजोबा सांगतात, लोक ती टाकी भरायलाच विसरायचे. मला त्या लोकांबद्दल फार आपुलकी वाटते. आमच्या गाडीला तसलं काही नको, कारण ती मक्याच्या अल्कोहोलवरच चालते. पंपावर ई-85 म्हणून मिळतं. तुमच्याकडे पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून तुम्ही स्कूटरच्या नावाने कुरकुरता ना, इथे ते मोजून, आवडीने, चार पट भरतात. गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा तिसरा हिस्सा जास्त पिते. हे स्वतः एकादशी सोडत नाहीत.

आता मूळ तक्रार. माझी परात.

तुम्हाला आठवत असेल, यांच्या लहानपणी तुम्ही कारखान्यातून सायकलने आलात, की अंगणात वर्तमानपत्र पसरून स्कूटरचा कार्बुरेटर खोलायचात आणि सुटे भाग आईंच्या परातीत रॉकेलमध्ये ठेवायचात. आईंनी ही गोष्ट मला लग्नानंतर आठव्या दिवशी सांगितली होती. मी हसले होते. तेव्हा वेळीच सावध व्हायला हवं होतं. साताऱ्याहून आणलेली माझी स्टीलची परात, जिच्यात मी दर गणपतीला मोदकांची उकड मळते, तिच्यात फेब्रुवारीपासून इंजिन जुळेपर्यंत सोळा व्हॉल्व्ह आणि सोळा स्प्रिंगा ओळीने निजल्या होत्या. ओळ मोडायची नाही. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या घरातला, हे परातीच्या काठावर मार्करने लिहिलं आहे. मी ओरडले, तर म्हणाले, "बाबा पण असंच करायचे." यावर सुनेने काय बोलावं?

परातीवरच थांबलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. मार्चमध्ये मी मैत्रिणीकडे गेले असताना इंजिनाची झाकणं भांडी धुण्याच्या मशीनमध्ये लावली गेली. चकाचक निघाली. पुढचे चार दिवस वरणाला इंजिन ऑइलचा वास होता. मुलगी म्हणाली, फोडणी वेगळी आहे का?

आणि बाबा, यात तुमचाही हात आहे. एप्रिलमधला तो व्हिडिओ कॉल आठवतो? तुम्ही 'कशी आहेस' विचारलंत ते मला नव्हे, गाडीला. पिस्टनच्या रिंगा चढवायच्या होत्या. टर्बो लावला की रिंग जास्त तापते, फुगते, आणि तिची दोन टोकं एकमेकांना भिडली तर पिस्टनचा काठ तुटतो. म्हणून फट वाढवून ठेवायची, एकेक रिंग कानशीने घासून. चिरंजीव फीलर गेजची पानं घालून बघत होते, आजोबा चष्मा कपाळावर चढवून शेजारी बसले होते. तुम्हाला इंग्रजी ऐकू येत नव्हतं, त्यांना हिंदी कळत नव्हतं. तुम्ही कॅमेऱ्यासमोर आधी दोन बोटं दाखवलीत, मग पुन्हा दोन. आजोबा म्हणाले, "ट्वेंटी टू थाऊ," म्हणजे इंचाचे बावीस हजारांश. तुम्ही मान हलवलीत. त्यांनी मान हलवली. व्हेइकल फॅक्टरीत शक्तिमानची इंजिनं जुळवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आणि डिअरबॉर्नला मस्टँग जुळवण्यात आयुष्य घालवलेला माणूस, बावीस थाऊवर एकमत झाले आणि मग दोघंही एकमेकांकडे नुसते बघत बसले. कोणालाच कॉल बंद करायचा नव्हता. शेवटी आईंनी केला. त्यानंतर आजोबांनी मला विचारलं, शक्तिमान म्हणजे काय? मी सांगितलं, जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीच्या परवान्यावर आमच्या गावात पूर्वी बनायचा तो लष्करी ट्रक. तिथल्याच जोंगा या लष्करी गाडीचं नाव जबलपूरच्या 'ज'वरून सुरू होतं, तेही सांगितलं. 'आमच्या गावात' असं मी म्हणाले, हे माझ्या नंतर लक्षात आलं. साताऱ्याला कळवू नका.

जूनमध्ये हे म्हणाले, शनिवारी मिलानला जाऊ या. लिहून दाखवलं. मी दोन दिवस इटलीची स्वप्नं पाहिली. निघालो तर अर्ध्या तासात पोचलो. इकडे त्या गावाला 'मायलन' म्हणतात. मका, सोयाबीन, आणि मध्ये एक सरळसोट डांबरी पट्टा. 1,320 फूट, म्हणजे 402 मीटर. तीन वर्षं बनून राहिलेली गाडी त्यावर बारा सेकंदांत संपते. मी म्हटलं, हे एवढ्यासाठी? लोक रागाने बघायला लागले.

पहिल्याच फेरीची चिठ्ठी आली: 11.31 सेकंद. चिरंजीवांना आनंदाने बोलवेना. तेवढ्यात एक गृहस्थ आले आणि नम्रपणे म्हणाले, आता गाडी घरी न्या. नियम असा, की इतकी जुनी गाडी 11.49 सेकंदांत किंवा त्याहून लवकर पोचली, तर तिच्या छताखाली पोलादी कमान हवी, उलटली तर डोकं वाचावं म्हणून. आमच्या गाडीत कमान नव्हती. पहिला नंबर आला म्हणून मुलाला शाळेतून घरी पाठवावं, तसे आम्ही परत आलो. वाटेत कोणी बोललं नाही.

कमान आता आजोबा वेल्ड करून राहिले आहेत. (बघा, मीही.) तोवर शिट्टीत हलकी स्प्रिंग घातली, दाब दहावरून सहा पौंडांवर आणला, आणि गाडी बारा सेकंदांच्या वर ठेवली. अशा गाड्यांची वेगळी शर्यत असते. आपली गाडी किती सेकंदांत जाईल ते आधीच काचेवर लिहायचं, आणि हळू गाडीला तेवढा वेळ आधी सोडतात. लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. म्हणजे जोर नव्हे, शब्द पाळण्याची शर्यत. काचेवर लिहितात पांढऱ्या शू-पॉलिशने! शनिवारच्या पी.टी.साठी कॅनव्हासच्या बुटांना लावायचो, तेच ते, स्पंजवालं. त्या वासाने मला शाळा आठवली आणि माझा विरोध जरा ढिला पडला.

आता जे लिहिते ते बाबांनी मनातल्या मनात वाचावं, आईंना मोठ्याने वाचून दाखवू नये.

सुटायच्या जागी एक खांब असतो. त्यावर तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकाखाली एक लागतात, मग हिरवा. हिरव्याआधी सुटलात तर लाल लागतो, फेरी गेली. तुमचे चिरंजीव लागोपाठ पाच वेळा लाल. ज्याने गाडी चालवणं दमोह नाक्यावर शिकलं, त्याला हिरव्याची वाट बघणं अपमानाचं वाटतं. सहाव्या वेळी मी म्हटलं, सरका. हेल्मेट माझ्या अंबाड्यावर बसेना, वेणी घालावी लागली. तिसरा पिवळा लागला आणि मी सुटले. बाबा, ते अवघड नाही. दूध वर येतं, कडेला थरथरतं, तेव्हा हात गॅसच्या बटणाकडे जायला लागतो ना, तोच क्षण. उतू गेल्यावर कळून उपयोग नाही, आणि आधीच बंद केलं तर साय येत नाही. चिठ्ठीवर माझा प्रतिसाद आला 0.061 सेकंद. काचेवर 12.40 लिहिलं होतं, आले 12.43. पलीकडचा माणूस माझ्यापेक्षा दोन सेकंदांनी वेगवान गाडी घेऊन आला होता. तो आपल्या लिहिल्यापेक्षा लवकर पोचला आणि बाद झाला.

दुसऱ्या फेरीत हरले. आरशात मागून येणारा दिसला आणि सवयीने त्याला वाट दिली.

चिठ्ठी सोबत ठेवली आहे, जपून ठेवा. आईंनी विचारलं तर म्हणावं, किराणा दुकानाची आहे.

तुमचे भाचेबुवा डिसेंबरात इकडे येणार आहेत असं कळलं. त्यांच्याबरोबर दोन गोष्टी पाठवाव्यात ही विनंती. एक, तुमचा फीलर गेज, जो पलंगाखालच्या पेटीत ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला आहे. हे म्हणतात, इथल्या पानांवर त्यांचा विश्वास नाही. दुसरी, माझ्यासाठी एक परात. लहान पाठवा. मोठी आली तर तिच्यात टर्बो धुतला जाईल.

पाय आत-बाहेर व्हायला लागले आहेत. थांबते.

तुमची,
सौ. सूनबाई