वुडसाहेब, आपले उपकार!

तीर्थस्वरूप हॉरेस वुडसाहेब यांचे सेवेशी, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या मंगळवारी न्यू जर्सीत सकाळी सव्वानऊला आमची नोकरी गेली. कारण विचारलं, तर एचआरच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "ॲट-विल नोकरी आहे ना, कारण लागत नाही." ही सोय कुणी केली म्हणून शोधलं, तर आपलं नाव निघालं. १८७७ साली अमेरिकेत मालक-नोकरांच्या कायद्यावर आपण ग्रंथ लिहिलात. धन्य झालो.

आपल्याआधी इंग्लंडची रीत अशी, की मुदत ठरली नसेल तर चाकरी वर्षाची धरायची. सुगीत राबवून घेतलेल्या गड्याला ऐन थंडीत हाकलता येऊ नये म्हणून. आमच्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो, तसंच. आपण सांगितलंत, मुदत नाही ना, मग मर्जी! थंडीचा प्रश्नच मिटवलात.

आधाराला चार खटले दिलेत. पुढे कित्येक अभ्यासकांनी ते उघडून पाहिले, तर आपलं म्हणणं त्यांतून निघेना. काय ती छाती! आमच्या रिझ्युमेत एक महिना इकडचा तिकडे झाला तर बॅकग्राउंड चेकवाले तीनदा फोन करतात.

१९६४च्या नागरी हक्क कायद्याने वर्ण, धर्म, लिंग पाहून काढायला बंदी घातली. तेव्हापासून तर कारण न सांगण्याचं मोल फारच वाढलं.

आणि केवढी ती समता! नोकरालाही केव्हाही सोडून जायची मुभा आहेच की. मी एच-वन-बी व्हिसावर. मीच राजीनामा दिला असता, तर बिचाऱ्या कंपनीला साठ दिवसांत दुसरा मालक शोधावा लागला असता, नाहीतर देश सोडावा लागला असता. तिच्या लेकीची शाळा अर्ध्यावर तुटली असती. दातांचा विमा महिनाअखेरीस संपला असता, आणि दाढ नेमकी तेव्हाच ठणकली असती. थोडक्यात वाचली हो.

मोंटाना राज्यात मात्र १९८७पासून, उमेदवारीचा काळ संपला की काढायला सबळ कारण लागतं. मनावर घेऊ नका, पन्नासांत तेवढं एकच आहे.

लॅपटॉप परत करायचा खोका कालच आला. त्यात तो कसा गुंडाळावा, याच्या सूचना चांगल्या दोन पानी आहेत.

कळावे, लोभ असावा. नसल्यास कारण कळवण्याची तसदी घेऊ नये.

आपला (मर्जी असेतोवर),
एक माजी नोकर