पुढच्या तारखेचा प्लॉट

नागपुरात सोयरीक जमवताना मुलाचा पगार दुसऱ्या नंबरावर येतो. आधी विचारतात, ‘‘प्लॉटची आरएल झाली का जी?’’ आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. ते ज्याच्या कपाटात आहे तो जावई, बाकीचे उमेदवार.

शहराचा विकास करायला 1936 साली नागपूर सुधार प्रन्यास जन्माला आला. शहरानं त्याची वाट न बघता आपला विकास आपणच उरकून घेतला. मग प्रन्यासाला उरलं काय, तर झालेल्या लेआउटांची मोजदाद. आधी 572 लेआउट, मग 1900 लेआउट. पाहुण्यांना ही वस्त्यांची नावं वाटतात. आता आम्हालाही वाटतात.

शेताचे तुकडे पडू नयेत म्हणून 1947 पासून कायदा आहे. आजच्या हिशोबात जिरायत जमीन 20 गुंठ्यांच्या खाली तोडता येत नाही. पण अर्ध्या एकरात ज्वारी कितीशी होणार? प्लॉट मात्र झकास पिकतात. नांगर नको, पाऊस नको. रेघा मारायला एक पोतं चुना पुरतो, आणि उरलाच तर गिऱ्हाइकाला लावता येतो.

12 जुलै 2021 ला नोंदणी खात्यानं परिपत्रक काढलं: मंजुरीवाचून असल्या तुकड्यांची रजिस्ट्री बंद. झालं, तुकडा एकट्याच्या नावावर होईना म्हणून एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं एकाच सातबाऱ्यावर सामायिक खातेदार म्हणून नांदू लागली. 5 मे 2022 ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं आणि हा बंधुभाव विनाकारण संपला.

सख्ख्या भावांचं मात्र तसं नाही. समजा मानेवाड्याकडे बापाचा 1500 फुटांचा प्लॉट आहे आणि दोघे वारस. गुंठा 1089 फुटांचा. निम्म्यानं वाटलं तर एकाच्याही वाट्याला धड गुंठा येत नाही. तरी दावा लागतोच. प्राथमिक हुकूमनामा होतो, कोर्ट कमिशनर टेप घेऊन येतो, थोरल्याकडे चहा आणि धाकट्याकडे पोहे घेऊन जातो. बोअर थोरल्याकडे येते, मोटरचं बटण धाकट्याकडे. शेवटी कोणीतरी 1893 चा वाटणी कायदा काढतो. नीट वाटता न येणारी मालमत्ता विकावी, पैसे वाटावेत. निम्मा हिस्सेदार तशी मागणी करू शकतो. मग दुसऱ्याला त्याचा हिस्सा ठरल्या किमतीत विकत घेता येतो. इंग्रजाला वाटलं होतं, भांडण मिटेल. पण आपण मागणी केली की दुसरा आपला हिस्सा घेऊन टाकेल, या धास्तीनं दोघंही मागणीच करत नाहीत. तारखा पडत राहतात सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात. त्याच सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांच्या बंगल्यांची आवारं अशी ऐसपैस, की एकेकात अख्खा लेआउट बसावा. तिथं मात्र कोणी चुना टाकत नाही.

बेकायदा तुकड्यांच्या माफीचं गणित त्यापेक्षा सोपं आहे. 2001 च्या गुंठेवारी कायद्यात 1 जानेवारी 2001 पर्यंतचे तुकडे माफ होते. 2021 साली ती तारीख 31 डिसेंबर 2020 वर गेली. वीस वर्षं ज्यांनी कायदा पाळून थांबायचं ठरवलं, त्यांच्याकडे आज पाळलेला कायदा आहे, घर नाही. जुलै 2025 मध्ये आमच्या कोराडीचेच महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत सांगितलं, की 1 जानेवारी 2025 पर्यंतचे एक गुंठ्याचे तुकडेही मोकळे. टाळ्या पडल्या. पडणारच, ज्या घरात असा तुकडा नाही असं घर दाखवा.

परवा बेसा भागात एका दलालानं ताज्या चुन्याच्या रेघा दाखवल्या. म्हटलं, हे तर 2025 च्या तारखेत बसत नाही.

‘‘काहून घाबरता जी,’’ तो म्हणाला, ‘‘पुढच्या तारखेत बसते ना! तिचंच तं बुकिंग चालू आहे.’’