टाकी फुल, टेल कोरडं

पेट्रोलच्या दाबाचं शास्त्र कर्जतकरांना शिकवावं लागत नाही. कुकडीच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला राहणारा माणूस धरण भरलं म्हणून पेढे वाटत नाही. त्यामुळे बंद गाडीशेजारी उभं राहून कुणी "टाकी फुल आहे हो" म्हणू लागला, की हा बाहेरगावचा, हे आम्ही ओळखतो.

कारबोरेटरच्या साध्या मोटरसायकलला पंप नसतो. टाकी वर, कारबोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. फूटभर उंचीचा दाब भरतो चौरस इंचाला पौंडाचा तिसरा हिस्सा. चाकात आपण तीस पौंड हवा मारतो! एवढ्याशा दाबावर दोन माणसं, एक पोतं आणि शेळी राशीनच्या बाजाराला जाते.

आमच्या अण्णांची जुनी मोटरसायकल रेहेकुरी अभयारण्याच्या वाटेवर नेमकी एकाच लिंबाखाली बंद पडायची. प्लग बदलला, जेट साफ केला, कॉकची जाळी धुतली. शेवटी अण्णांनी नारळ फोडला आणि गाडी पहिल्या किकला सुरू! तेव्हापासून दर खेपेला नारळ. अभयारण्यातल्या काळविटांनाही अण्णांचं टायमिंग पाठ झालं असावं.

मेस्त्रीनं मात्र गाडी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं. सुस्स! झाकणातलं हवेचं बारीक भोक धुळीनं बुजलेलं. पेट्रोल खाली जाई, पण त्याच्या जागी हवा आत येईना. तेवढ्याच अंतरावर टाकीत पोकळी तयार होई आणि पेट्रोल अडे. नारळ सोलून, फोडून, प्रसाद वाटेपर्यंत कुठून तरी हवा झिरपे. टाकीत तोंडानं फुंकर मारणारे लोकही याच शास्त्राचे, फक्त त्यांना जेवणाला पेट्रोलचा वास येतो.

दाब जास्त झाला तरी पंचाईत. ते दुखणं पंपवाल्या मोटारींचं. तिथं तीन-चार पौंड पुरतात, त्यावर गेला की फ्लोटची सुई जागेवरून ढकलली जाते आणि कारबोरेटर ओसंडतो. उन्हाळ्यात उलटं: पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता वाफ चघळत बसतो. फियाट-ॲम्बेसिडरच्या जमान्यात ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवत. तापाच्या पोराला आई ठेवते, तितक्याच गंभीरपणे.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कारबोरेटर गेला. आता टाकीतच इलेक्ट्रिक पंप, दाब चाळीसेक पौंड. फुंकर मारायची सोय संपली. अण्णांच्या मुलानं तशी गाडी घेतली. ती लिंबापाशी थांबत नाही.

"मग नारळाचं काय करता?" मी अण्णांना विचारलं.

"पोराला म्हणतो, चावी बंद कर."