मिठाचा खडा

इंग्लंडच्या हिवाळ्यात मोटरसायकल चालवतो म्हटलं की पुण्यातले नातेवाईक पहिला प्रश्न थंडीचा विचारतात. थंडीचं काही नाही हो. थंडीला हातमोजे आहेत, हातमोज्यांच्या आत हातमोजे आहेत, हँडलच्या गरम होणाऱ्या मुठी आहेत, आणि एवढं करूनही बोटं बधिर झालीच तर ती ऑफिसच्या वेळेत, म्हणजे पगारी, शुद्धीवर येतात. गाडीला तर थंडीचं सोयरसुतकच नसतं. तिचा खरा वैरी वेगळा आहे आणि तो प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात बरणीत भरलेला असतो. मीठ.

ऑक्टोबर ते एप्रिल, रस्ता गोठणार असा अंदाज आला की इथे कौन्सिलचे पिवळे-नारिंगी ट्रक रात्री बाहेर पडतात आणि मागच्या फिरत्या तबकडीतून रस्ताभर मीठ उधळत जातात. चौरस मीटरला साधारण 10 ग्रॅम. बर्फ पडणार असेल तर दुप्पट, कधी चौपट. खारं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी लगेच गोठत नाही, त्यामुळे रस्ता निसरडा होत नाही आणि माझ्यासारखी माणसं हाडं शाबूत ठेवून कामावर पोचतात. तेव्हा मिठाला शिव्या घालताना मी आवाज जरा खालीच ठेवतो.

आईला मात्र हे पटत नाही. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, असं आमच्या घरी सांगितलं जायचं आणि ते सांगणारी तीच. व्हिडिओ कॉलवर खिडकीतून मीठ उधळत जाणारा ट्रक दाखवला तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "त्या ड्रायव्हरला कुणी सांगितलं नाही का रे?" गाडी नवी घेतली तेव्हा हीच आई, "मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढ तिची," म्हणून मागे लागली होती. म्हटलं, मिठाचं कौन्सिल बघतंय, मोहऱ्या तेवढ्या मी आणतो.

तिकडे स्कॉटलंडमध्ये तर या ट्रकांची बारशी होतात. एकाचं नाव 'ग्रिटी ग्रिटी बँग बँग', दुसऱ्याचं 'सर सॉल्टर स्कॉट', आणि कोणता ट्रक आत्ता कुठे मीठ टाकतोय ते इंटरनेटवरच्या नकाशात बघता येतं. पुणे महापालिकेवर ही वेळ आली तर 'मिठाराम' आणि 'श्री. खारकर' ही नावं माझ्याकडून विनामूल्य. नामकरण समितीच्या बैठकांत हिवाळा संपेल, तो भाग वेगळा.

हे मीठ आपल्या उरणच्या मिठागरांतल्यासारखं पांढरंशुभ्र नसतं. विटकरी असतं. चेशर परगण्यात विन्सफर्ड नावाच्या गावाखाली दीडशे मीटरवर त्याची मोठी खाण आहे. 1844 मध्ये लोक कोळसा शोधायला गेले आणि मीठ लागलं. हा थर जवळपास 22 कोटी वर्षांपूर्वीचा. गंमत अशी, की खाणीतल्या रिकाम्या झालेल्या दालनांत आता जुनी कागदपत्रं ठेवतात. का, तर तिथली हवा इतकी कोरडी की कागदाला काही होत नाही. म्हणजे एकाच खाणीचा अर्धा भाग देशाची दप्तरं जपतो आणि उरलेला अर्धा माझ्या गाडीचे बोल्ट खातो.

यात विसंगती काही नाही. मीठ कोरडं आहे तोवर ते कोणाच्या वाटेला जात नाही. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की मात्र ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच ओलं होतं. श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याचमुळे. आता इंग्लंडच्या हिवाळ्यात आर्द्रता 75च्या खाली उतरलेली बघायला नशीब लागतं. त्यामुळे न धुतलेली गाडी छपराखाली उभी असली तरी रात्रभर लोणच्यासारखी मुरतच असते. गॅरेज उबदार असेल तर आणखी लवकर मुरते, कारण उबेत गंजाला जोर चढतो. "बाहेर गारठतेय बिचारी, आत घ्या," असं म्हणणाऱ्या दयाळू लोकांनी आधी पाण्याची नळी हातात घ्यावी.

गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पीड 400. कंपनी अस्सल इंग्रज; घर हिंकलीला, मी राहतो त्या लेस्टरच्या अगदी जवळ. गाडी मात्र जन्मली चाकणला, बजाजच्या कारखान्यात, कांद्याच्या बाजारापासून फार लांब नाही. थोडक्यात, आम्ही दोघंही पुणे जिल्ह्यातून इथे आलो, दोघांच्याही पासपोर्टवर नाव एक आणि उच्चार दुसरा. शेजारच्या इंग्रज आजोबांना मी ही जन्मकथा सांगितली. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, म्हणाले, "तिला हवामान आवडलं असेल अशी आशा आहे." यात कारखान्याला बोल लावण्यात अर्थ नाही. जपानी असो, जर्मन असो, मीठ कोणाचा देश विचारत नाही.

काय होतं ते जवळून बघायचं असेल तर डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी चेनपाशी उकिडवं बसावं. आदल्या रात्री काळीभोर असलेल्या कड्यांच्या कडेने नारिंगी रंगाची बारीक रेघ उमटलेली असते, कुंकवाच्या करंड्याला बोट लागल्यासारखी. ब्रेकच्या डिस्कवरही तोच रंग, पण तो पहिल्या दोन-तीन ब्रेकांत घासून जातो, त्याची काळजी नको. काळजी आतली असते. कॅलिपरमधले पिस्टन खारट चिखलाने अडकायला लागतात, मग ब्रेक सोडला तरी पुरता सुटत नाही. इंजिनाच्या ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते आणि रंगाच्या खालून पसरत जाते. सर्वांत बेरकी प्रकार बोल्टचा. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवलेला, मधे खारं पाणी. दोन वेगळे धातू आणि खारं पाणी म्हटल्यावर तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. दोन वर्षांनी पाना लावला की बोल्टचं डोकं तुमच्या हातात येतं, धड आत राहतं, आणि तोंडातून जे शब्द निघतात ते शुद्ध मराठीत असतात.

तर उपाय. उपाय सोपा आहे: आल्या आल्या धुवायची. आता सोपा म्हणजे किती सोपा, तर डिसेंबरात लेस्टरला चारच्या आत सूर्य मावळतो. ऑफिस सुटतं त्यानंतर. म्हणजे गाडी धुवायची ती अंधारात, कपाळावर खाणकामगारासारखा दिवा बांधून, तापमान दोन अंश असताना, गार पाण्याने. बायको खिडकीतून हे बघते. ती काही बोलत नाही. तिने फक्त विम्याचे कागद कुठे आहेत ते एकदा विचारून घेतलं.

गारच पाणी का, यावर इथल्या मोटरसायकलवाल्यांत पंथ आहेत. गरम पाण्याने मीठ धातूत 'शिरतं' असं एक पंथ छातीठोकपणे सांगतो. यात गूढ काही नाही. उबेने गंजाची क्रिया वाढते एवढंच. आणि मीठ विरघळवायला गरम पाणी लागतही नाही. 100 मिलिलिटर पाण्यात शून्य अंशाला जवळपास 36 ग्रॅम मीठ विरघळतं, उकळत्या पाण्यात फार तर 39. त्या तीन ग्रॅमसाठी गीझर कशाला चालू करायचा? पाणी भरपूर लागतं, हे खरं. आणि ते खालून लागतं: मडगार्डच्या आत, इंजिनाच्या पोटाला, साइड स्टँडच्या बिजागरीत. टाकी चमकावणाऱ्यांना मी गाडी धुणारे मानत नाही, ते फोटो काढणारे. जोराच्या फवाऱ्याचं यंत्रही चाकांच्या बेअरिंगवर आणि चेनवर रोखायचं नाही, कारण जे मीठ बाहेर काढायचं तेच सीलच्या आत ढकललं जातं. भांड्यांचा साबण तर नकोच. बऱ्याच लिक्विड साबणांत दाटपणा यावा म्हणून काय घालतात? मीठ. मिठाने मीठ धुणारा माणूस आपल्याकडे आश्वासनांची यादी घेऊन निवडणुकीला उभा राहतो.

धुवायला मला सोबत असते ती गल्लीतल्या गुजराती काकांची. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या आशियाई लोकांपैकी बरेच लेस्टरला आले, त्यांतले हे. तेव्हापासून इतके हिवाळे बघितलेत की थंडीत बाहेर उभं राहून दुसऱ्याला काम करताना पाहणं हा त्यांचा छंद झाला आहे. "भाई, आ देशमां मीठुं लोखंड खाय छे," हे वाक्य ते दर वेळी नव्याने शोध लागल्यासारखं म्हणतात. त्यांचा स्वतःचा उपाय रामबाण आहे: ते बसने जातात.

धुतलेली गाडी ओली ठेवायची नाही. ओल्या गाडीवर कव्हर घालणं म्हणजे तिला वाफारा देणं. काही लोक पालापाचोळा उडवायचं यंत्र आणून त्याने फटीफटीतलं पाणी उडवतात. मी हेअर ड्रायर, थंड हवेच्या बटणावर, वापरून बघितला तेव्हा विम्याच्या कागदांची चौकशी पुन्हा झाली.

मग चेन. ही सोवळ्यातली पूजा. चेनच्या कड्याकड्यांत रबरी रिंगा असतात आणि आतलं वंगण कारखान्यात भरलेलं असतं ते त्या रिंगा सांभाळतात. म्हणून तारेचा ब्रश लावायचा नाही आणि पेट्रोल तर मुळीच नाही. लागतं ते पॅराफिन, म्हणजे आपलं रॉकेल. ज्या रॉकेलसाठी रेशनच्या दुकानासमोर कॅन घेऊन उभं राहण्यात बालपण गेलं, ते मी इथे दुकानात बाटलीवर सुवासिक नसल्याची जाहिरात वाचून विकत घेतो. गाडीला मेन स्टँड नाही, त्यामुळे मागचं चाक उचलायला वेगळा स्टँड. तो एकट्याने लावताना एक हात हँडलवर, एक मागे, आणि तिसरा कुठून आणायचा ते गणपतीला विचारायचं. चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू करून गिअरमध्ये फिरवणारे शहाणे सगळीकडे असतात. त्यांतले काही बोटं मोजताना पुढे दहापर्यंत पोचत नाहीत. वंगण गाडी चालवून आल्यावर घालावं, चेन कोमट असताना. सकाळी निघताना घातलं तर अर्धं मागच्या टायरवर उडतं, आणि डिसेंबरात निसरडेपणाची वेगळी सोय करायची गरज नसते.

शेवटी लेप. इथे पुन्हा पंथ. एक पंथ डब्ल्यूडी-40चा भक्त. 1953 मध्ये सॅन दिएगोत ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते शोधलं, चाळिसावा प्रयोग यशस्वी झाला, म्हणून नावात 40. पाणी हटवायला उत्तम, पण टिकाऊ लेप म्हणून त्याच्या भरवशावर हिवाळा काढता येत नाही. दुसरा पंथ एसीएफ-50चा, जे मुळात विमानांना गंज लागू नये म्हणून निघालं. बारीक फवारा मारला की ते फटीफटीत सरपटत जातं आणि महिनोन्‌महिने पातळ, चिकट थर धरून बसतं. धूळही धरून बसतं, म्हणून गाडी मार्चपर्यंत कळकट दिसते. त्याला इलाज नाही. ब्रेकच्या डिस्क आणि टायर मात्र आधी कचऱ्याच्या पिशवीत बांधून घ्यायचे, नाहीतर गाडी चकचकीत राहील आणि थांबणार नाही. माझा कौल या दुसऱ्या पंथाला. तसं बघितलं तर आमच्याकडे गॅरेजवाला पावसाळ्याआधी जळकं ऑइल आणि डिझेल एकत्र करून गाडीच्या पोटाला फवारायचा, त्याला विमानाचं नाव सुचलं नाही एवढाच फरक.

इथे आणखी एक जमात आहे. ते ऑक्टोबरात गाडी रस्त्यावर आणणार नसल्याचं सरकारला कळवतात, उरलेल्या महिन्यांचा रोड टॅक्स परत मिळवतात, बॅटरीला चार्जर लावतात आणि एप्रिलपर्यंत तिच्याकडे आरशासारखं बघत बसतात. त्यांच्या गाडीवर गंजाचा ठिपका नाही. किलोमीटरही नाहीत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण ते शनिवारी मोकळे असतात आणि मी चेन पुसत असतो.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे रस्त्यावर मीठ टाकतात? रस्त्यावर नाही, पण अलिबाग-काशिदच्या ओल्या वाळूत गाडी घालून रील काढणारे दर शनिवारी दिसतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे इथल्या कौन्सिलने साडेतीन चौरस मीटर रस्त्यावर टाकलेलं मीठ तुम्ही एका लिटरमध्ये गाडीच्या पोटावर उडवून घेता. मुळात किनाऱ्यावर गाडी नेऊच नका. आणि खारं पाणी लागलंच असेल तर घरी आल्यावर चहाच्या आधी तिच्यावर साधं, गार, भरपूर पाणी मारा. खालून मारा. टाकी उद्या पुसली तरी चालेल.