गोल पान का लांब पान?

जूनच्या पहिल्या आठवड्यात बोरीच्या कृषी सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. सोयाबीनच्या पिशव्या, कपाशीची पाकिटं, खताच्या गोण्या, आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत एकाच वेळी बोलणारी दहा माणसं. या गर्दीत काउंटरपर्यंत पोचलेल्या एका निवृत्त गुरुजींनी विचारलं, "गवताचं काय आहे?"

पोऱ्याने मान वर केली नाही. "गोल पान का लांब पान?"

"लांब."

पोऱ्याने ग्लायफोसेटचा डबा काउंटरवर ठेवला. "पंप कितीचा आहे?"

"अरे, मारायचं नाही, उगवायचंय."

दुकान क्षणभर गप्प झालं. डीएपीच्या गोणीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने तेवढं विचारलं, "कामून हो गुरुजी? तब्येत बरी हाय ना?"

म्हाताऱ्याचं चुकलं नव्हतं. परभणीहून जिंतूरकडे जाताना लागणारं हे बोरी काळ्या जमिनीचं, कापूस-सोयाबीनचं गाव. इथे गवत ही उगवायची नव्हे, निस्तरायची गोष्ट. माणूस मृगापासून दसऱ्यापर्यंत कोळपतो, खुरपतो, फवारतो, आणि पुढच्या मृगाला तेच गवत पुन्हा हजर असतं. एखाद्याच्या वावराला 'हरळी-कुंद्याचं रान' म्हणणं म्हणजे त्याच्या तीन पिढ्यांच्या आळसावर बोट ठेवणं. तिथे दुकानात जाऊन रोख पैसे देऊन गवताचं बी मागायचं, म्हणजे उंदरांच्या सुळसुळाटात पिंजरा सोडून उंदराची जोडी मागण्यासारखं.

पण गुरुजींची अडचण खरी होती, आणि ती परसात चिंचेखाली बांधलेली होती.

मार्गशीर्षात गुरुजी माळेगावच्या यात्रेला गेले होते. हे माळेगाव नाशिककडचं नव्हे; नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातलं, खंडोबाचं, घोड्यांच्या बाजारासाठी नाव असलेलं. गेले होते घोंगडी आणायला आणि आले घोडी घेऊन. काकूंच्या मते त्यांना पहिल्यापासून नीट ऐकूच येत नाही. घोडीही निवृत्त, वरातीतली. रस्त्यावरून बँड गेला की अजूनही दावणीला उभ्या उभ्या पुढचे दोन पाय आलटून पालटून उचलते. पेन्शन मात्र एकट्या गुरुजींना.

उन्हाळा कडब्यावर आणि भिजवलेल्या हरभऱ्यावर निघाला. तीनशे किलोच्या जनावराला दिवसाला पाच-सहा किलो सुका चारा लागतो, आणि संधी मिळाली तर ते चोवीसातले पंधरा-सोळा तास चरतं. परसातली कडब्याची गंज रोज एक वीत खाली बसत होती. गुरुजींनी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे त्यांना गंजीकडे बघून शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना गेलेलं पत्र आठवायचं. घोड्यांसाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळून बसाल तर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि मग कुणब्यांच्या घरात शिराल, असा त्याचा आशय. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर जळती वात पळवील आणि गंजी पेटतील, इथवर बारकाई. गुरुजींनी हे पत्र काकूंना तीनदा समजावून सांगितलं. चौथ्यांदा काकू म्हणाल्या, "महाराजांकडे किल्ले होते. तुमच्याकडे वीस गुंठे पडीक आहे, तिथं काहीतरी लावा."

मग सल्ले सुरू झाले.

पहिला पुण्याच्या नातवाचा. त्याने इंग्लंडातल्या तट्टांच्या कुरणांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'टिमथी'. हे गवत अमेरिकेत ज्याने गाजवलं त्या टिमथी हॅन्सन नावाच्या अठराव्या शतकातल्या शेतकऱ्यावरून त्याचं नाव पडलं असं सांगतात. गवताला माणसाचं नाव देणारा मुलूख गुरुजींना आवडला. पण टिमथी, रायग्रास, फेस्क्यू ही सगळी थंड हवेची पोरं. परभणीचा मे महिना त्यांना सोसायचा नाही. शिवाय तिकडचं दुखणं उलटं. रायग्रासमध्ये साखर इतकी की ते चरून गोलमटोल तट्टांच्या खुरांच्या आत दाह होतो आणि ती लंगडतात. म्हणून तिकडे 'यात रायग्रास नाही' अशी जाहिरात करून तट्टांसाठी वेगळं बी विकतात. मे महिन्यातल्या बोरीत साखर वाढून कुणी लंगडेल, तर ते फक्त लग्नाच्या जेवणावळीमुळे.

दुसरा सल्ला डेअरीवर मिळाला: नेपियर लावा, पुरुषभर उंच जातो. गुरुजी बी शोधू लागले. मोबाइलवर एकाने संकरित नेपियरचं बी घरपोच द्यायची तयारी दाखवलीसुद्धा. ही गंमतच म्हणायची, कारण बाजरी आणि नेपियरच्या या संकराला रुजणारं बीच धरत नाही. तो लावायचा उसासारखा, डोळ्याच्या कांड्यांनी.

कांड्या फुकट मिळणार होत्या, पण गुरुजींनी आधी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. हा दहावीत रसायनात जेमतेम सुटलेला आणि पुढे परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेला.

"सर, ऑक्झलेट," तो म्हणाला, आणि जुना हिशोब चुकता केल्यासारखा थांबला. मग त्याने उलगडून सांगितलं. नेपियर, अंजन अशा गवतांत ऑक्झलेट असतं. गाईम्हशींच्या पहिल्या पोटातले जिवाणू ते मोडून टाकतात. घोड्याला ती सोय नाही. त्याच्या आतड्यात ऑक्झलेट कॅल्शियमला धरून बसतं आणि ते अंगी लागत नाही. महिनोन् महिने तेच खाल्लं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढू लागतं आणि तोंडाची हाडं फुगतात. ऑस्ट्रेलियात या दुखण्याला 'बिग हेड' म्हणतात. गावात डोकं मोठं झालेली मंडळी आधीच कमी नव्हती. गुरुजींनी नेपियर रद्द केला.

"हिरवी ज्वारी?"

"नको सर. कोवळीत विष असतं हे माहीतच आहे तुम्हाला. घोड्याला वरून मूत्राशयाचा त्रास. लघवी गळते, मागचे पाय लटपटतात. वाळलेला कडबा चालू द्या. लसूणघास थोडा घाला, त्यात कॅल्शियम भरपूर. राहुरीचं आरएल-८८ मिळतं. बियात अमरवेल नाही ना, तेवढं बघून घ्या."

लसूणघासाला लसणाचा वासही नसतो. इंग्रजी 'ल्यूसर्न'चं तोंडातोंडी लसूण झालेलं दिसतं. काकूंनी मात्र एक वाफा भाजीसाठी राखून ठेवायला सांगितला होता.

पण घास म्हणजे तोंडीलावणं. ताट कशाने भरायचं? म्हाताऱ्याने माळावरचं गवत सुचवलं, तेव्हा गुरुजींनी कुसळीची एक काडी घरी आणून ताटलीत ठेवली. काळपट, पिळलेलं लांब शेपूट, आणि पुढे सुईसारखं टोकदार बी. वर पाण्याचा थेंब टाकला. शेपटाचा पीळ सुटू लागला आणि बी घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरलं. पहिल्या पावसात ते असंच फिरत मातीत घुसतं. माती नाही मिळाली तर मेंढीच्या कातडीत, घोड्याच्या हिरडीत, गुरुजींच्या धोतरात. ताटलीभोवती जमलेल्या पोरांना विज्ञानाचा हा तास इतिहासाच्या सगळ्या तासांपेक्षा जास्त आवडला. कुसळी मात्र बाद.

उरलं मारवेल. काळ्या जमिनीतलं, फुलोऱ्याआधी कापलं तर जनावरं मिटक्या मारत खातात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे चांगले वाणही काढलेत. गुरुजींनी एक पिशवी बी मिळवलं. हातात घेतलं तर कापसाच्या धुळीसारखं, शिंक आली तर गुंठाभर पेरणी. ते ओल्या मातीत कालवून, वारा पडल्यावर, वरच्यावर टाकायचं. खोल गेलं की गेलं. आणि ताजं बी झोपलेलं असतं, म्हणून मागच्या हंगामाचंच मागायचं. दुकानात 'जुनं बी द्या' म्हणणारं हे बहुधा तालुक्यातलं पहिलंच गिऱ्हाईक.

मारवेल उगवलं. घोडीला सोडलं, आणि चार दिवसांत गुरुजींना घोड्याचं तोंड म्हणजे काय ते कळलं. गाईला वर पुढचे दात नसतात. ती जिभेचा वेढा घालून गवत ओढते आणि बोटभर मागे सोडते. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे दात. तो ओठांनी चाचपत पातं निवडतो आणि न्हाव्याने मशीन फिरवावं तसं जमिनीलगत कापतो. ठोंबांच्या जागी खुंट राहिले. चूक गुरुजींची. नवं कुरण पहिल्या वर्षी कापून घालायचं असतं, त्यावर जनावर सोडायचं नसतं. एका कोपऱ्यात तेवढं हिरवं उरलं, कारण घोडी तिथे लीद टाकायची. जिथे लीद टाकायची तिथलं गवत घोडे टाळतात. या बाबतीत त्यांची शिस्त बसस्टँडवरच्या जनतेपेक्षा कडक आहे.

जुलैत शेजारच्या कपाशीत खुरपणी लागली. बायांनी उपटलेल्या हरळीचा ढीग बांधावर पडला, आणि दावं तोडून घोडी तिथे पोचली. तिला हाकलायला गेलेले गुरुजी तिथेच उकिडवे बसले. हरळी, म्हणजे गणपतीच्या दूर्वा. जमिनीला चिकटून पसरणारी, कितीही खुडा, पेऱ्यापेऱ्याला पुन्हा मूळ धरणारी. हिचंच एक वाण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने संकर करून १९४३ साली आणलं, आणि त्याच्या वाळलेल्या पेंढ्या तिकडचे घोडेवाले वर्षानुवर्षं विकत घेतायत. त्या संकरातली एक हरळी सापडली होती कापसाच्याच जुन्या वावरात. तिकडे तिची अवलाद वाढवली. इकडे बायांना रोज देऊन ती रस्त्यावर फेकतात.

"बी मिळंल का हिचं?" गुरुजींनी विचारलं.

बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "बी कशाला गुरुजी, पाटी भरून न्या. गाडी भरून न्या!"

संध्याकाळपर्यंत वीस गुंठ्यांत मूठमूठ हरळी सरीने दाबून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी कुदळ घेऊन बांधावर हजर होता आणि आपल्या बाजूने हातभर खोल चर खोदत होता. एक शब्द बोलला नाही. बांधावरून पलीकडे मान घालून घोडी त्याच्या वावरातली उरलीसुरली हरळी निवडून निवडून खात होती. तो थांबला, कुदळीवर रेलून थोडा वेळ बघत राहिला.

"गुरुजी, हिचा रोज काय?"

गुरुजी उत्तर देणार, तेवढ्यात घोडीने हरळी सोडून कपाशीच्या शेंड्याला तोंड घातलं.