कीटकभक्षी झाड पाळू इच्छिणाऱ्या धार-देवासकरांस सूचना

सर्वप्रथम आजींची परवानगी. चातुर्मासात ज्या घरात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही, त्या घरात असं झाड आणायचं तर कारण भक्कम हवं. 'हे झाड माश्या खातं' एवढंच सांगावं आणि आजींना हिशेब करू देऊ नये. कारण व्हीनस फ्लायट्रॅपचा एक जबडा एक माशी पचवायला पाच ते बारा दिवस घेतो आणि तीन-चार शिकारींतच काळा पडून गळतो. कुठल्याही पोहे-जिलबीच्या दुकानात सकाळच्या पहिल्या घाण्यावर जेवढ्या माश्या बसतात, तेवढ्या या झाडाला जन्मभर पुरतील. माश्याच मारायच्या असतील, तर घडी घातलेली 'नईदुनिया' अधिक गुणकारी आहे आणि तिला पाणी घालावं लागत नाही.

आता निवड. घटपर्णी दिसायला रुबाबदार, म्हणून नवख्यांचा हात आधी तिच्याकडे जातो. भारतातली एकमेव देशी घटपर्णी मेघालयातली. ती दुर्मीळ आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत, तेव्हा तो विचार सोडावा. रोपवाटिकेत संकरित जाती मिळतात, पण अडचण हवेची आहे. 1948 साली कुमार गंधर्व देवासला राहायला आले ते फुफ्फुसांना कोरडी हवा मानवेल म्हणून. नेमकी तीच हवा घटपर्णीला मानवत नाही. ती मरत नाही, पण नवे घट धरणं बंद करते आणि नुसती लांबट पानं हलवत बसते. मग पाहुण्यांना ती शोभेचं झाड म्हणून दाखवावी लागते.

व्हीनस फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतल्या दोन्ही कॅरोलिनांमधला. त्याला हिवाळ्यात तीन-चार महिने थंडीत झोपावं लागतं, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत तो खंगतो. उष्ण गावांतले हौशी लोक त्याला ओल्या शेवाळात गुंडाळून फ्रिजमध्ये झोपवतात. मालव्यात हा खटाटोप नको. पौषात रात्रीचा पारा दहाच्या आसपास घुटमळतो, कधी खालीही उतरतो. कुंडी गॅलरीत ठेवली की काम झालं. पानं काळी पडली म्हणजे झाड मेलं असं समजून कुंडी रिकामी करणारे आणि तिच्यात तुळस लावणारे लोक असतात. त्यांच्यापासून कुंडी लपवावी.

तरीही पहिलं झाड म्हणून माझं मत केप दवबिंदूला. हा दक्षिण आफ्रिकेचा. आफ्रिकेतून येऊन धार जिल्ह्यात रुळण्याची परंपरा मांडूच्या गोरखचिंचांनी घालून दिलेलीच आहे. त्या काही शतकं तिथे ठाण मांडून आहेत. दवबिंदूच्या लांबट पानांवर लाल केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट त्यावर बसलं की पान हळूहळू, तासाभराच्या सवडीने, त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. आपल्याकडचे दवबिंदू साताऱ्याच्या कासच्या पठारावर पावसाळ्यात उगवतात, शेजारी निळीजांभळी सीतेची आसवं. तीही कीटकभक्षीच, त्यांचे मातीतले बारीक फुगे डोळ्याचं पातं लवायच्या आत सूक्ष्म जीव ओढून घेतात. साताऱ्याला लग्नाला गेलात तर ती बघावीत, उपटू नयेत. पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे, आणि पाऊस सरला की ती पिशवीतही मरतात आणि पठारावरही.

पाण्याचं प्रकरण गंभीर आहे. या झाडांना नळाचं पाणी चालत नाही, बोअरचं तर नाहीच. उन्हाळा संपताना कूलरच्या जाळ्या काढाव्यात. खसाच्या काड्यांवर जो पांढरा, खरखरीत थर बसलेला असतो, तो नखाने खरवडून पाहावा. तेच क्षार झाडाच्या मुळांशी साचतात, फक्त झाड कूलरसारखा आवाज करून तक्रार करत नाही. पाण्याचा टीडीएस पन्नासच्या आत हवा. आरओवाला मशीन दुरुस्त करायला येतो तेव्हा त्याच्याकडचं मीटर पाच मिनिटं मागून घ्यावं. तो चहाच्या बदल्यात देतो. नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणावं. सगळ्यात उत्तम पावसाचं. आता, ज्या देवासला 1990 साली रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे एका कुंडीसाठी गच्चीवर पिंप लावणाऱ्याकडे शेजारी बघणारच. त्यांना मांडूचा जहाज महाल दाखवावा. सुलतानांनी डोंगरमाथ्यावर पावसाचं पाणी साठवलं, वळणावळणाच्या पन्हळींतून कुंडांत खेळवलं. आपण फक्त एक पिंप लावत आहोत.

कुंडी बशीत ठेवून बशीत बोटभर पाणी ठेवायचं. हे पाणी बदलत राहावं. कीटकभक्षी झाडाच्या बशीत डासांच्या अळ्या सापडल्या, तर नगर निगमच्या माणसाला काय सांगणार?

मातीबद्दल फार लिहीत नाही. मालव्याची काळी माती, जिच्यात सोयाबीन-गहू डोलतो, ती या झाडाला विष आहे. शेणखतही तसंच. ही झाडं कीटक खातात तीच मुळी निकृष्ट जमिनीत वाढल्यामुळे. पीट मॉस आणि परलाइट, बस.

खाऊ घालणं हा मात्र आपल्या भागातला नाजूक विषय. पानात न वाढता पाहुणा उठला तर मालव्यात यजमानाची मान खाली जाते. तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण झाडाला काही ना काही देऊ बघतो. शेव तर हमखास. आत्याबाई म्हणतात, 'अगं, एक तर घाल, बारीक आहे.' शेवेतल्या मीठ-तेलाने जबडा दोन दिवसांत सडतो. हट्टी नातेवाइकांपुढे चार्ल्स डार्विनचा हवाला द्यावा. 1875 साली त्याने कीटकभक्षी वनस्पतींवर आख्खं पुस्तक काढलं. दवबिंदूला त्याने मांस, अंड्याचा बलक सोडून पांढरं, दूध, इतकंच काय मूत्रही देऊन पाहिलं, केस वाकले. मग साखर, खळ, ऑलिव्ह तेल आणि चहा दिला, पान ढिम्म. आपला साखरेचा चहा एवढ्या ठामपणे नाकारणारं दुसरं कुणी मालव्यात सापडायचं नाही.

मुलांना बोट घालू देऊ नये. जबड्याच्या आत प्रत्येक बाजूला साधारण तीन केस असतात. वीस सेकंदांच्या आत दोनदा स्पर्श झाला तरच तो मिटतो, म्हणजे पावसाच्या एखाद्या थेंबाने फसत नाही. भाचेमंडळी आली की फसतो. रिकामा मिटलेला जबडा उघडायला दिवसभर लागतो आणि त्याची शक्ती वाया जाते.

मे महिन्यात कुंडी पश्चिमेच्या खिडकीतून पूर्वेला हलवावी; सकाळचं ऊन भरपूर, दुपारची लू अजिबात नको. रात्रीची काळजी मालव्याच्या रात्री घेतात.

आणि घरात बाग नेमकी कुणाकडे सोपवायची? ज्याला काही येत नाही त्याच्याकडे सोपवायला हरकत नाही, त्याला राजमान्यता आहे. 1921 साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांनी इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांना खासगी सचिव नेमलं, तेव्हा बागाही त्यांच्याच गळ्यात पडल्या. पुण्याला लग्नाला जाताना किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यावी, डिस्टिल्ड वॉटरची बाटली ओट्यावर ठेवावी आणि 'फक्त हेच' अशी चिठ्ठी चिकटवावी. काकू प्रेमापोटी नळाचं घालतीलच. म्हणून केप दवबिंदूचा तुरा वाळला की त्याच्या धुळीएवढ्या बिया कागदावर झाडून घ्याव्यात, पुडी बांधावी आणि निघण्यापूर्वी फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवावी.